पहिली खुर्ची

१९६०च्या फेब्रुवारीत नॅशव्हिलच्या आमच्या चर्चच्या तळघरात रोज संध्याकाळी आम्ही मार खायला शिकत होतो. गावातल्या मोठ्या दुकानांत आम्हा काळ्यांचे पैसे चालत, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर आम्ही बसलेलं चालत नसे. शनिवारी आम्ही जाऊन बसणार होतो. शिव्या दिल्या, केस ओढले, तरी हात काउंटरवरून हलवायचे नाहीत. ज्याचा हात उठेल त्याने घरी थांबायचं, हा रेव्हरंड टॉलिव्हरांचा नियम. आपल्यातल्या एकाने मारलं तर पेपरात तेवढंच छापून येईल, असं ते म्हणत.

पहिली खुर्ची मला हवी होती. दारोदार फिरून मुली मीच जमवल्या होत्या. पहिल्यांना पोलिसांनी धरून नेलं की दुसरी तुकडी कुठल्या दाराने शिरणार, हेही मीच बसवलं होतं. पण यादीत सगळ्यांत वर नाव लागलं व्हर्लीनचं. सरावाला येऊन आठ दिवस झाले नव्हते बाईला. चर्चमध्ये एकटीने गायचा मान तिचा, निळा कोट तिचा, आणि आता हेही.

बुधवारी सरावात गोरा गुंड व्हायची पाळी माझी होती आणि खुर्चीत व्हर्लीन. नेहमीच्या शिव्या देऊन झाल्या. मग मी तिच्या कानाशी वाकले. तुझा बाप कुणाबरोबर पळाला ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे म्हटलं. तापल्या कंगव्याने सरळ केलेले तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण हात टेबलावरच राहिले.

"ओडेसा, गोऱ्या पोरांना तिचा बाप माहीत नाही," रेव्हरंड शांतपणे म्हणाले. "आता तू बस."

मी दात आवळून बसले. वाट्टेल ते ऐकायची तयारी होती. व्हर्लीन माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"अगं, एवढी हवी होती तर मागायचीस ना," ती हळूच म्हणाली. "घे तू पहिली खुर्ची. मी बसेन कडेला."

मी तिच्या थोबाडीत मारली.

रेव्हरंडनी पेन्सिल घेऊन माझं नाव खोडलं. शनिवारी मी चर्चमध्ये फोनपाशी बसले आणि कुणाकुणाला धरून नेलं ते लिहून घेत राहिले.

तुरुंगातून सुटल्यावर सगळ्या जणी थेट चर्चच्या स्वयंपाकघरात आल्या. व्हर्लीनच्या केसांत टोमॅटोचा सॉस वाळला होता. मी बिस्किटं वाढत होते.

"खरं सांगू का ओडेसा," ती म्हणाली, "तुझ्यापुढे ती पोरं अगदीच कच्ची गं."

सगळ्या हसल्या, तीही हसली. मला तिच्या त्या हसण्याचाही हेवा वाटला.

मे महिन्यात काउंटर आमच्यासाठी उघडले. मी एकटीच गेले, पहिली खुर्ची रिकामी होती. कडेच्या खुर्चीत बसून कॉफी मागवली.