मागे साधी भिंत

आरसा वरच अडकला होता. कॅमेऱ्याच्या पोटातला, टपालाच्या तिकिटाएवढा — त्याने लेन्स काढून आत पाहिलं, फुंकर मारली, बॅटरी काढून पुन्हा घातली, आणि डोळा लावला तर आत काळोखच. अठरा वर्षं याच्यावर फोटोचं दुकान चाललं, आणि मेल्याला मान टाकायला आजचाच दिवस सापडला!

“राहू द्या ना आता,” हॉटेलच्या पायरीवर बसलेली बायको म्हणाली. “बरंच झालं बिघडला ते. चार दिवस नुसते हात धुऊन मागे लागलायत माझ्या.”

राहू कसं देऊ? उद्या परत निघायचं, सोमवारी दवाखान्यात भरती. मग केस जाणार, गाल बसणार… आणि एवढं सगळं करूनही वर्ष निघणं कठीण, असं डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावून सांगितलं होतं. तिला सांगितलं होतं, साधी गाठ आहे. “बाबा, आईला कळू द्यायचं नाही हं,” मुलगी फोनवर रडत म्हणाली आणि तो लगेच हो म्हणाला — किती लगेच! सांगायचं कोणी, हा प्रश्नच मिटला. मग ही समुद्राकाठची सहल. थकलीयस तू, जरा हवापालट. तीही निमूट निघाली. चांगल्या साड्या घे म्हटलं, तर घेतल्या.

चार दिवसांत दीडशे फोटो काढले आणि एक धड नाही. सगळे केसभर हललेले. दुसऱ्यांच्या बायकांचे काढताना कधी हात हलला नाही माझा, आणि आता… आजचा उजेड मात्र छान होता, मऊ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून टाकणारा. तिला त्याने पिवळ्या भिंतीपुढे उभं केलं, हनुवटी जरा खाली, म्हटलं, आणि बटण दाबलं. खट्ट झालं आणि संपलंच.

“एवढा काय जीव जातोय,” ती म्हणाली. “मोबाइलवर काढा की.”

“मोबाइलचा नको. मोठा केला की चेहरा मेणासारखा दिसतो.”

“मोठा कशाला करायचाय?”

तो लेन्स पुसू लागला. स्वच्छच होती, तरी पुसत राहिला. दुकानात गल्ल्यावर तीच बसायची. माणूस गेलं की घरचे घाईघाईने येत, हातात कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि यातला एवढा चेहरा मोठा करून द्या म्हणत. मग कॉम्प्युटरवर तो चेहरा कापून काढायचा, खांद्यावर राहिलेली कुणाची तरी बोटं पुसायची, मागे साधा रंग भरायचा — हे सगळं तिचं काम. वेळेवर एक बरा फोटो काढून ठेवत नाहीत लोक, म्हणून चिडायचीसुद्धा. हे मी विसरलो कसा? जगातल्या कुठल्याही बाईला फसवता आलं असतं मला, हिच्याशिवाय.

ती बघत होती. आधी भिंतीकडे, मग त्याच्याकडे.

“समुद्रावर आणलंत,” ती सावकाश म्हणाली, “आणि एकाही फोटोत समुद्र नाही. तुम्ही नाही. छातीपर्यंत मी, आणि मागे भिंत.” आणि मग, गिऱ्हाइकाला साइज विचारावा इतक्या सरळ आवाजात, “किती दिवस म्हणाले डॉक्टर?”

काहीतरीच काय बोलतेस, असं म्हणायचं सोडून त्याने हातातली लेन्स खाली ठेवली. छातीवरून काहीतरी उतरत होतं. सुटलो, असं वाटलं त्याला — खरंच वाटलं, महिनाभरात पहिल्यांदा श्वास खोल गेला — आणि त्याच श्वासात कळलं की उतरलेलं सगळं तिच्या अंगावर गेलंय, आणि ते परत घ्यायची त्याची इच्छा नाही.