बाबांची अर्धी राहिलेली गाथा

रशियातल्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या आम्हा काल्मिकांत सुरू केलेली वीरगाथा अर्धी सोडत नाहीत. ऐकणाराही मधून उठत नाही. बाबा मात्र गातागाताच गेले. एकोणपन्नास दिवसांचं सुतक संपलं आणि पन्नासाव्या दिवशी त्यांचे मित्र लिजीकाका दारात उभे.

"अर्धं ऐकून अडकलोय, पोरी. पुरं कर."

शब्द मला पाठ होते, पण बाबांसारखे एका घशातून एकाच वेळी दोन सूर काढायला घसा वळेना. मी खर्ज लावला.

"अगं, उंट शिंकला की काय?"

"मग जा उठून!"

"उठता येत असतं तर तुझं ऐकलं असतं?"

मी हसले आणि घसा मोकळा झाला. खर्जावर शिट्टीसारखा बारीक सूर उमटला. वीर जिंकून घरी पोचेपर्यंत मी गात राहिले.

काकांनी खाऱ्या चहासाठी वाटी पुढे केली.

"शेवटाला तुझा बाप नेहमी घाई करायचा. तू नाही केलीस."