मन्नतीचा मलीदा

लालमहंमदने मोबाइल छातीशी धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला,

"बेगमबी, जिंकले गं! आपले जिंकले!"

सोमवारची सकाळ, पावणेनऊ. तिकडे अमेरिकेत अजून रविवारच होता. पहाटे पाचपासून तो जागचा हलला नव्हता.

देगलूरच्या एका शिंप्याचा अमेरिकेतल्या फुटबॉलशी काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध मुज्तबाचा होता. नऊ वर्षांपूर्वी पोरगा तिकडे नोकरीला गेला. कधी येतोस, म्हणून आई फोनवर रडली, तेव्हा तो हसत म्हणाला होता, "अम्मी, इथला आमचा संघ फायनल जिंकला का पयल्या इमानानं येतो."

शहाण्या माणसाने हे हसण्यावारी नेलं असतं. लालमहंमदने त्यासाठी वही उघडली. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पण सदुसष्ट सालच्या पहिल्या फायनलपासून कोण जिंकलं, कोण हरलं, सगळं वहीत होतं. एक संघ लागोपाठ चार वर्षं फायनलला पोचून चारही वेळा हरला, हे तो गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगायचा. मुज्तबाच्या संघाने तर कधीच फायनल जिंकली नव्हती. फायनलआधीच्या बाद सामन्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, एकदा हरलं की थेट घरी. ते दर जानेवारीत हरायचे आणि लालमहंमद दोन दिवस मशीनला हात लावायचा नाही.

चार वर्षांपूर्वी बेगमबीने कंधारच्या दर्ग्यात संघासाठी धागा बांधला, तेव्हा तो चिडलाच होता.

"सरळ पोरगं येऊ दे म्हणून मागायचं ना!"

"त्यानं शबुद दिलाय. ते जिंकले का ह्यो येतोच की."

आता ती आत चपात्या चुरून गूळ कुटत होती. नवसाच्या मलीद्याची तयारी तिने पहाटेच केली होती. लालमहंमदला कमी ऐकू येई, म्हणून त्याने नेहमीसारखा स्पीकर लावून फोन केला.

"मुज्तबा, जिंकले!"

"कोण जिंकलं, अब्बा?"

"तुझा संघ! फायनल!"

"अच्छा, आज हुतं व्हय? मी कवाच सोडलं ते बघायचं. त्या गावातून निघूनच तीन वर्सं झाली की. सांगितलं हुतं न्हाई का?"

आतली कुटण्याची ठकठक थांबली.

"मग... येतोस ना बाबा?"

"लई काम हाय अब्बा सध्या. बघतो. पोरं झोपलीत, उद्या करतो फोन."

लालमहंमदने वही मिटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने उपरण्याने पुसलं. ठकठक पुन्हा सुरू झाली.

"काय म्हणला?" बेगमबीने आतूनच विचारलं.

"लई खूश झाला. उन्हाळ्यात येतो म्हणला."

आतली ठकठक तशीच चालू राहिली.

गुरुवारी पुन्हा ताजा मलीदा करून दोघं एसटीने कंधारला गेले. निघताना लालमहंमदने गुपचूप एक नवा हिरवा धागा खिशात घातला होता. बेगमबीने दर्ग्यातल्या मुजावराला मलीद्यावर फातेहा पढायला लावली, जुना धागा सोडला आणि आवारात बसलेल्यांना मलीदा वाटायला घेतला. फुलं विकणाऱ्या केवळाबाईने ओंजळ पुढे केली.

"कशाची मन्नत हुती, बेगमबी? पोरगं आलं का काय?"

"न्हाई बाई. अमेरिकेत एक संघ हाय, त्यो जिंकला."

केवळाबाई हसली. लालमहंमदने बायकोचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि खिशातला धागा तिच्या हातात दिला.

"हे बांध. ह्या टायमाला सरळ पोराचंच माग."

तिने धागा उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्याच खिशात परत ठेवला.

"दर्ग्याच्या बाबांकडं मागितलं ते त्यांनी दिलं," ती म्हणाली. "पोराचं येणं पोरालाच मागायचं असतं. तुम्ही मागितलं की सोमवारी फोनवर, मी ऐकलं."

मग ती उरलेला मलीदा घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.