पहिलं पाणी

“वाऱ्याकडं तोंड करून ओकू नका भाऊ, सगळं परत अंगावर येईल,” दशरथ तांडेल म्हणाला आणि खदाखदा हसला.

मी कठडा धरून दुसऱ्या बाजूला गेलो. पोटात काही उरलं नव्हतं, तरी पोट ऐकत नव्हतं. डहाणूत माझ्या बायकोने शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की हे क्रूझवर गेलेत. क्रूझ म्हणे! डिझेल आणि सुक्या बोंबलांच्या वासाने भरलेली आगर गावच्या या तांडेलाची बोट, तिच्यावर दोन खलाशी, आमच्या डॉक्टर श्रुतिका मॅडम, बाटल्यांचं एक खोकं आणि ते खोकं सांभाळायला प्रयोगशाळेतला मी. पावसाळा सरला की किनाऱ्याजवळच्या तळच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, कुठेकुठे पार संपतो. मासे तिथून पळतात, पळता न येणारे मरतात. हे मॅडमना एसीत बसून आधीच ठाऊक होतं. तरीही आम्ही आलो, कारण अनुदान आलं होतं आणि ते संपवायचं होतं.

दशरथ मात्र आपणहून बोट घेऊन आला होता. त्याचा एकुलता एक रोशन उंबरगावच्या एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागला होता. “बाबा, दर्या मेलाय,” एवढं बोलून पोरगा गेला, आणि म्हाताऱ्याला ते खोटं ठरवायचं होतं.

“तुम्ही औषध टाकून सांगितलं तर ऐकेल तो,” दशरथ मला सकाळपासून सांगत होता. “बापाचं कोण ऐकतो?”

असली भाबडी आशा बघितली की माझं डोकंच उठतं. पोरगा शहाणा निघाला, सुटला. आणि हा त्याला परत या घाणीत ओढायला निघालाय, तेही आमच्या हातून!

महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनावर नेमका आला तशी त्याने बोट थांबवली. “ही आमच्या बाबाची जागा. इथं जाळं कधी रिकामं नाय आलं.”

शेवटचं कधी भरलं होतं, हे मी विचारलं नाही. दोन्ही टोकांना झाकणं असलेलं नळकांडं आम्ही तळाशी सोडलं, खालीच झाकणं मिटवली आणि वर ओढून घेतलं. तेवढ्यात मला पुन्हा उमळून आलं. मी कठड्याकडे धावलो, मॅडम केबिनमध्ये कागद शोधत होत्या.

परत येऊन मी नळकांड्याच्या तोटीतून बाटली भरली. “यात औषध टाकलं की गाळ बसतो,” लहान मुलाला सांगावं तसं मी दशरथला सांगितलं. “तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. कळलं?”

गाळ तपकिरी झाला. चांगला कडक चहासारखा.

दशरथने टाळी वाजवली. मोबाइल काढून तो ओरडायलाच लागला. “रोशन! तुझ्या आज्याच्या जागेवर पाणी जिता हाय! सोड ती खोकी, ये घरी. आजच सांग तुझ्या सायबाला!”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. “आजूबाजूच्या जुन्या नोंदींत कुठेच एवढा नाही. इथेच कसा?”

“मिळणारच, मॅडम!” दशरथची छाती फुगली. “आमची रीत हाय. नव्या भांड्यातलं पयलं पाणी बोटीच्या नाळेला द्यायचं. भाऊ तिकडं ओकत होते, तेवढ्यात तुमचं झाकण खोलून तांब्या बुडवला, काढला, पुढं टोकावर नेऊन ओतला. मग मिटून ठेवलं जसंच्या तसं.”

मला हसूच फुटलं. झाकण उघडून तांब्या आत डुचमळवला, म्हणजे बाहेरची हवा त्या पाण्यात चांगली खळखळून मिसळली. बाटलीतला प्राणवायू समुद्राचा नव्हता, दशरथच्या तांब्याचा होता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समजावून सांगितलं आणि मला म्हणाल्या, “परत घ्या.”

परत घेतलं. या वेळी दशरथ हात मागे बांधून लांब उभा राहिला. मी औषध टाकलं. गाळ पांढरा आला आणि पांढराच राहिला. दशरथने बाटली हातात घेऊन उन्हाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली.

“औषध कमी पडलं काय, भाऊ?”

“नाही.”

“थोडा टाइम दिला तर?”

“पांढराच राहील, काका,” मॅडम म्हणाल्या.

माझ्या जिभेवर एक झकास टोमणा तयार होता. मी तो गिळला. तो बाहेर पडला असता तर ओकारीपेक्षा घाण वाटली असती. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली, आणि मला दया आलेली अजिबात आवडत नाही.

दशरथने पुन्हा फोन लावला. “रोशन, सायबाला बोलला काय? नाय ना? मग नको बोलू. ... काय नाय रे, बोट बरी हाय. मी पण बरा हाय. तू तिकडंच राहा.”

फोन खिशात ठेवून त्याने प्यायच्या पाण्याचा कॅन उघडला आणि तांब्यात थोडं गोडं पाणी घेतलं. या खेपेला तो नाळेकडे गेला नाही. कठड्यापाशी गुडघे टेकून, अंथरुणावरच्या माणसाच्या तोंडात शेवटचं पाणी घालावं तसं, त्याने ते बारीक धारेने समुद्रात सोडलं. मग तांब्या पालथा घातला आणि उठून सुकाणू धरलं.

“पुढची जागा सांगा, मॅडम,” तो म्हणाला.