चावडीवरचा होकार

ओतेंग डॉक्टर झाला तो अर्थशास्त्राचा, पण लेरालेंग गावातले लोक त्याला अजून गुरांच्या जंतांवर औषध विचारतात. आधी तो बँकेत आकडे बघत बसायचा. मग सरकारनं त्याला बुडते सरकारी धंदे वर काढायला नेमलं आणि फिरत फिरत पाळी आली ती गावच्याच कातडी कारखान्याची. कारखाना विकायचा, निम्मी माणसं घरी पाठवायची. वर नवे मालक म्हणाले, प्रमुख तुम्हीच व्हा. ओतेंग अडून बसला, गाव हो म्हणेल तरच. आईवेगळ्या पोराला याच गावानं आणि केबोनेमामानं वाढवलं होतं. मामाचे दोन्ही मुलगे त्याच कारखान्यात होते.

उन्हं तापायच्या आत माणसं आपापल्या खुर्च्या उचलून चावडीवर आली. ओतेंग खरं तेच बोलला, नोकऱ्या जाणार हेही लपवलं नाही. आता शिव्या बसणार म्हणून तो अंग चोरून उभा. पण छे! एक म्हातारा उठला तो यंदाच्या गवतावर बोलून बसला. दुसऱ्यानं ओतेंगच्या आईच्या हातच्या ज्वारीच्या आंबिलीची आठवण काढली. एक बाई म्हणाली, "शेळ्या राखायला पाठवलं की हा शेळ्या हरवून यायचा!" चावडी खदखदून हसली. विरोध नावालाही नाही, आणि पाठिंबाही नाही. ओतेंगचं डोकं पार चक्रावलं. शेवटी गावप्रमुख म्हणाले, "ऐकलं आम्ही," आणि सगळे एका सुरात गरजले, "पुला!"

आता पुला म्हणजे पाऊस, पुला म्हणजे खिशातला पैसा, आणि पुला म्हणजे भलं होवो. यातलं नेमकं कुठलं? एवढा शिकलेला माणूस, पण भर रस्त्यात खुळ्यासारखा उभा राहिला. तेवढ्यात त्याला या कामावर नेमणाऱ्या मंत्र्यांचा फोन.

"काय म्हणतंय तुमचं गाव?"

"विरोध कुणी केला नाही, साहेब. सगळे पुला म्हणाले."

"म्हणजे होच की!"

ओतेंगला तो होकार इतका हवा होता की त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो... होच म्हणायचं."

मामाच्या अंगणात कुटलेल्या मांसाचा वास सुटला होता. "ये रे भाच्या! शहरात उपाशी ठेवतात की काय तुला? वाळून काडी झालास."

"मामा, गाव हो म्हणालं ना?"

मामाचा हात पातेल्यातच राहिला. "कोण म्हणालं हो?"

"अहो, सगळे पुला म्हणाले की!"

"अरे गाढवा! टोळधाडीची सभा झाली तेव्हाही पुलाच म्हणालो. टोळांना काय या म्हटलं होतं आम्ही? ऐकलं म्हणजे ऐकलं. माणूस ऐकतो, घरी जातो, बायकोशी भांडतो, गुरांमागे हिंडतो, मग बोलतो. पुढच्या सभेत सालटी काढणार होतो तुझी! पहिला मीच उठणार होतो." आणि मामा पोट धरून हसला.

ओतेंगनं घाईनं मंत्र्यांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. भिंतीवरच्या रेडिओत दुपारच्या बातम्या सुरू झाल्या. लेरालेंगच्या गावकऱ्यांनी कारखान्याच्या विक्रीला एकमुखानं होकार दिला आहे, असं डॉक्टर ओतेंग यांनी कळवल्याचं मंत्र्यांनी सांगितलं. नव्या कंपनीचे प्रमुखही तेच.

मामाचं हसू विरलं. त्यानं रेडिओ बंद केला.

"मामा, मला कळलंच नाही हो. शपथ! द्या ना शिव्या, हाणा हवं तर..."

मामानं शिवी दिली नाही. स्वतःची खुर्ची बाहीनं पुसली आणि पुढे सरकवली.

"बसा ना साहेब," तो म्हणाला. "तुम्ही असे उभे का?"