पडद्याखालची ओळ

‘आपण काही रडणाऱ्यातले नाही’ असं सांगत जे लोक रविवारच्या सिनेमाचा जिना चढतात तेच सगळ्यांत आधी रडतात, हे काचवालीने तीन वर्षांत हेरून ठेवलं होतं. पहिला नंबर लॉन्ड्रीवाल्याचा. त्याच्या पाठोपाठ निवृत्त पोस्टमास्तर, पण ते खोकल्याच्या आडून. मग बायका; त्यांतही, ज्यांना घरी रडायला जागा नाही त्या आधी. ती स्वतः या यादीत नव्हती. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत नव्हती.

सिनेमे दाखवायचा तिचा थोरला भाऊ. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी दहाला. मारामारीचे नाहीत, प्रेमाचेही नाहीत. माणसाला आतून हलवणारे, असं तो म्हणायचा. दूरदूरच्या देशांतले, मठांतले, बेटांवरचे. इंग्रजी ओळी समोर ठेवून तो त्यांचं मराठी स्वतः करायचा आणि पडद्याच्या तळाशी बसवायचा. सिनेमा संपला की अर्धा तास मनोगत. कुणी उठून सांगायचं, मी सिगारेट सोडली. कुणी सांगायचं, मी जावेला फोन केला. लॉन्ड्रीवाल्याने तर अकरा वर्षं तोंड न पाहिलेल्या वडिलांच्या दारात जाऊन ‘शर्ट द्या, इस्त्री करून आणतो’ असं म्हटलं होतं. भाऊ हे सगळं मान तिरकी करून ऐकायचा. आपण लावलेल्या झाडाची फळं मोजावीत, तसा.

वडिलांचं चष्म्याचं दुकान दोघांच्या नावावर होतं. पुढे भाऊ गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, डोळे तपासून नंबर काढायचा, फ्रेमा दाखवायचा. मागच्या खोलीत ती काचा घासायची. काच फ्रेममध्ये बसताना ‘टक्’ असा जो बारीक आवाज येतो, तो नीट आला की नाही हे तिला रस्त्यावर ट्रक जात असतानाही कळायचं. गावात तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. काचवाली म्हटलं की पुरे.

भावाला ती मागची खोली हवी होती. काचा आता कंपनीतून तयार मिळतात. मशीन काढायचं, भिंत पाडायची, दुकान ऐसपैस करायचं. त्यासाठी बहिणीने आपला अर्धा वाटा त्याच्या नावावर करून द्यायला हवा होता. दोन वर्षं हेच चाललं होतं.

“आणि मी काय करू?” ती विचारायची.

“काउंटरला बस. नुसतं हसायचं.”

“दादा, तेवढं हसू मला अख्ख्या जन्मात आलेलं नाही.”

वहिनी मधे पडायची. “अहो, राहू द्या. त्यांचा जीव आहे त्या खोलीत.” वहिनीचं बोलणं नेहमी असं मऊ, अंगाला लागत नसे.

मग तो सिनेमा आला. डोंगरावरचा मठ, एक म्हातारी साध्वी आणि एक शिष्या. शिष्या मठ सोडून निघते. हातात गाठोडं, खांद्यावर घोंगडी. म्हातारी पायरीवर बसलेली. अडवत नाही, आशीर्वाद देत नाही, एकच वाक्य बोलते. पडद्याखाली ओळ उमटली: ‘ठेव गं खाली. हात भरून आले तुझे.’ शिष्या खाली बघते आणि हमसून हमसून रडायला लागते.

काचवाली रडायला लागली. ती लहानपणी पाण्याची बादली दोन हातांनी छातीशी धरून जिना चढायची, तेव्हा आई वरून हेच म्हणायची. हेच, शब्दाला शब्द. ‘ठेव गं खाली. हात भरून आले तुझे.’ आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि ती अशी भलत्याच डोंगरावर, भलत्याच भाषेत भेटली.

त्या दिवशी मनोगतात ती पहिल्यांदा उठली. “दादा, खोली घे,” एवढंच म्हणाली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लॉन्ड्रीवाल्याने नाक शिंकरलं. भावाने तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं, आणि वहिनीच्या डोळ्यांना पदर लागला.

पुढचा महिना तिला हलकं हलकं वाटत होतं, हे खोटं नाही. झोप गाढ लागायची. भावाबद्दल मनात साठलेली जळजळ कुठे गेली ते कळेना. तिने मशीन पुसून त्यावर चादर घातली, हत्यारं खोक्यात भरली. कागद तयार झाले. बुधवारी अकराला सही करायची ठरली.

त्याआधीच्या रविवारी, लोकाग्रहास्तव, तोच सिनेमा पुन्हा लागला.

शनिवारी दुकानात हॉस्पिटलमधली नवी नर्स चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन आली होती. मूळची ती त्या सिनेमाच्या देशातली. मराठी शिकून घेतलेली, शब्द जपून टाकत बोलायची. काचवालीनेच तिला सांगितलं, उद्या तुमच्या भाषेतला सिनेमा आहे, या. ती आली, आणि काचवालीच्या शेजारीच बसली.

पायरीचा प्रसंग आला. म्हातारी बोलली. हॉलभर रुमाल निघाले, पोस्टमास्तर खोकले. आणि नर्स खुदकन हसली.

दोन रांगा मागे वळून बघायला लागल्या. नर्सने तोंडावर हात ठेवला.

“काय झालं हो?” काचवालीने कुजबुजत विचारलं.

“काही नाही. आजी गोड आहे.”

“पण ती तर म्हणते, ठेव खाली...”

“तसं नाही म्हणत.” नर्सने खालची ओळ बहुतेक वाचलीच नव्हती; तिला गरज काय होती? “ती म्हणते, चपला उलट्या घातल्यास. डावी उजवीकडे.”

काचवालीने पडद्याकडे बघितलं. शिष्या रडत होती. ती हातांकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. आधी एकदा एवढ्या मोठ्या पडद्यावर हे दिसलं होतं आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणारी बाई!

मनोगत सुरू व्हायच्या आत ती जिना उतरली.

दुपारी ती भावाच्या घरी गेली. भाऊ नुकताच जेवून उठला होता, वहिनी ताटं उचलत होती.

“दादा, ती म्हातारी चपलांबद्दल बोलते.”

भावाने दात कोरायची काडी तोंडातून काढली. “कुणी सांगितलं?”

कसली म्हातारी, कुठल्या चपला, असं त्याने विचारलं नाही. तिथेच तिला अर्धं कळलं.

“ज्यांची भाषा आहे त्यांनी.”

“हे बघ, अनुवाद असाच असतो. शब्द नाही, भाव धरायचा. आता ‘चपला उलट्या घातल्यास’ असं लिहिलं असतं, तर कोण रडलं असतं?”

“ती मुलगी रडली की. तिला तेवढं पुरलं.”

“अगं, लोकांना काहीतरी मिळावं म्हणून...”

“लोकांना? बुधवारी लोकांची सही आहे का?”

भावाने काडी पुन्हा तोंडात घातली. ताटांचा आवाज थांबला होता. काचवाली वहिनीकडे वळली. तिला वाटलं, ही तरी म्हणेल, मला यातलं काही माहीत नव्हतं.

“वन्सं, यांच्यावर रागावू नका,” वहिनी मऊपणानेच म्हणाली. “यांनी आधी ‘सोडून दे’ एवढंच लिहिलं होतं. सासूबाई कसं म्हणायच्या ते मीच आठवण करून दिली. म्हटलं, त्यांना ते आपलं वाटेल.”

म्हणजे या टेबलाशी बसून दोघांनी आई वापरून बघितली होती. हे वाक्य चालेल का, ते चालेल का. फ्रेम चढवून बघावी तशी.

“कोणत्या शब्दाला मी रडेन, ते ठरवलंत तुम्ही.”

“तुला बरं वाटलं की नाही ते सांग,” भाऊ आता चिडला होता. “महिनाभर बघतोय तुला. नीट झोपतेस, माझ्याशी नीट बोलतेस. हे खोटं होतं का? मग ओळ कुठून आली याच्याशी काय करायचंय? लॉन्ड्रीवाल्याला विचार. तो म्हणेल का, वडिलांचे शर्ट परत चुरगाळून देतो म्हणून?”

खोटं नव्हतं. बरं वाटलं होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“वाटलं ना बरं,” ती शेवटी म्हणाली. “आई आली होती, दादा. मला वाटलं, खरंच आली. आता ती परत गेली, आणि या वेळी तुम्ही घालवलीत. मी सही करणार नाही.”

“म्हणजे सगळ्यांसमोर दिलेला शब्द...”

“तो मी तिला दिला होता. तुला नाही.”

बुधवारचे अकरा वाजून गेले. तिने मशीनवरची चादर काढली, खोक्यातली हत्यारं एकेक करून जागेवर लावली. गाढ झोप मात्र परत आली नाही, जळजळही आली नाही. तिथे नुसतीच जागा रिकामी राहिली. हॉलमध्ये ती पुन्हा गेली नाही, आणि कुणाला काही बोललीही नाही. लॉन्ड्रीवाल्याला तर नाहीच.

तोच आठवड्याने आला. जवळचं धूसर दिसतं, कॉलरचे डाग सुटतात म्हणाला. पुढे भावाने त्याचे डोळे तपासले, नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि न बोलता चिठ्ठी मागच्या खिडकीत ठेवली. बारा वर्षं ती अशी चिठ्ठी उचलायची आणि काच घासायला घ्यायची. भावाचं अक्षर म्हणजे प्रश्नच नसायचा.

तिने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग दार उघडून बाहेर आली.

“आत या जरा. या खुर्चीत बसा.”

“कशाला? दादांनी काढलाय की नंबर.”

“काढलाय,” ती म्हणाली. “मी एकदा बघते.”

काउंटरवर भाऊ फ्रेम पुसत होता. त्याचा हात थांबला. त्याने वर बघितलं नाही.