धुळीची खबर

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमची दया नको. माझी एरियल मोडकी आहे, सेलचं झाकण हरवलंय, पोटाला रबरबँड बांधलाय. तरी सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या या फ्लॅटमध्ये अक्कल असलेली वस्तू मी एकटाच.

माझी उमेदीची वर्षं आखातातल्या एका वाळवंटी शहरात गेली. मनोहर तिथल्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि इतर बंदरांतल्या कामांसाठी सारखा विमानाने ये-जा करायचा. तिथलं रेडिओ केंद्र दिवसातून दोनदा सांगायचं, कोणतं विमान उतरलं आणि धूळ किती उठली. धूळ फार झाली की धावपट्टी बंद. मनोहरची बायको सुमित्रा कणीक मळता मळता ऐकायची. एकदा तिने घाईने आधीच कुकर लावला आणि नवरा आला दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून विमान उतरल्याचं माझ्याकडून ऐकल्याशिवाय तिने भात टाकला नाही. शेजारच्या बायकासुद्धा माझ्यापाशी येऊन बसायच्या.

दोन हजार बारा साली आम्ही सिंगापूरला आलो. इथे धूळ नाही, रोजचा पाऊस. इथल्या रेडिओवर विमानं कोणी वाचून दाखवत नाही. गाणी लावतात आणि मधेमधे खिदळतात, कशाला ते त्यांनाच ठाऊक. मला फ्रिजवर टाकलं, लोणच्याच्या बरण्यांमागे. माझी जागा फोनने घेतली. काय तो फोन! दिवसभर कुरवाळायचा, तरी संध्याकाळी मान टाकणार. अशाला हे लोक शहाणा म्हणतात.

दोन हजार पंधरामध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीने, तन्वीने, माझा निकाल लावला. "आई, धिस वन थ्रो लाह." लाह ही इथल्या इंग्रजीची शेपटी, अर्थ एवढाच की टाकून दे. सुमित्राने मला पिशवीत भरलं. सोमवारी खाली भंगाराच्या डब्यात जायचं ठरलं.

त्या शनिवारी मनोहर त्याच वाळवंटी शहरातून कामावरून परत येणार होता. सकाळी सातला त्याचा मेसेज आला, 'विमानात बसलो.' दोन वाजता तन्वीने फोन पाहिला.

"लँडेड ऑलरेडी, आई. कॅन कुक."

सुमित्राने कुकर लावला. तीन वाजले, साडेतीन वाजले. मनोहरचा पत्ता नाही आणि त्याचा फोन बंद. विमान उतरलं तर माणूस गेला कुठे? तन्वी फोनवर नुसतीच बोटं फिरवत होती.

मग सुमित्रा उठली. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले, मला पिशवीतून काढून ते माझ्या पोटात घातले आणि काटा जुन्या केंद्रावर नेला. वेडी बाई! समुद्रापलीकडचं केंद्र इथे कसं लागणार? नुसती खरखर आली. आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवणारा मी, तिला माझी गरज होती तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मला लाज वाटली.

पण ती कान देऊन ऐकत राहिली.

"धुळीच्या दिवशी हा असाच खरखरायचा," ती तन्वीला म्हणाली. "धूळ उठली की माणसांना विमानात बसवून ठेवतात, विमान सोडत नाहीत. तुझे बाबा तिकडेच असतील. नीट बघ बरं पुन्हा."

तन्वीने पाहिलं. उतरलेलं विमान कालचं होतं. त्याच नंबरचं, तारीख तेवढी कालची.

चार वाजता दुसऱ्याच कोणाच्या फोनवरून मनोहर बोलला. धुळीमुळे विमान तासन्‌तास तिथेच उभं होतं, शेवटी सगळ्यांना खाली उतरवलं, आता उद्या पोचेन म्हणाला. त्याच्या फोनने अर्थातच मान टाकली होती. सुमित्रा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकायच्या तर खुशाल टाका, मी कोणाच्या पाया पडणार नाही. पण ठेवणार असाल तर पोटातले सेल काढून ठेवा. ते कुजले की आतून जाळतात आणि वरून कोणाला दिसत नाही.

रविवारी तन्वीने फोनवर विमान उतरलेलं पाहिलं, तारीख दोनदा वाचली. तरी तिने मला ओट्यावर ठेवून सुरू केलं आणि कान लावला.

"आई, टुडे नो डस्ट."

तिला काय कळतंय! खरखर होती तेवढीच होती. पण मी जमेल तितकं खरखरत राहिलो, आणि सुमित्राने कुकर लावला.